आधी निवडा, मग हात लावा: एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमध्ये नोट्स दुरुस्त करताना

मिडी कीबोर्डवर हार्मोनियमची ओळ वाजवली, रेकॉर्ड केली आणि ऐकली. दोन नोट्स चुकल्यात, एक उशिरा आलीये, शेवटची मधेच तुटलीये. नवीन माणूस अशा वेळी दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर सगळं पुसून पुन्हा वाजवायला बसतो, नाहीतर सगळं सिलेक्ट करून क्वांटाइझ मारतो (म्हणजे नोट्स आपोआप तालाच्या रेषांवर बसवतो) आणि मग वाजवलेल्यातला जीव कुठे गेला म्हणून विचारत बसतो. दोन्हींची गरज नाही. मिडीत एकेक नोट स्वतंत्र पकडता येते, आणि कुठल्या नोट्स पकडायच्या हे ठरलं की पुढची दुरुस्ती काही सेकंदांची असते. म्हणून या लेखात निवडण्यावर जास्त वेळ घालवलाय.

उदाहरणासाठी एफएल स्टुडिओ घेतलंय. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही त्याचं पहिलं नाव असतं, फ्रूटी लूप्स. डीजे रिमिक्सवाली पोरं असोत की घरात भजनाचे ट्रॅक बनवणारे, आपल्याकडे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. खाली दिलेल्या कळा विंडोजच्या आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड समजा. फुकटची ट्रायल वापरत असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो: ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे सराव करायचा तर एका बैठकीत संपेल एवढाच करा.

मिडी नोट म्हणजे नेमकं काय

मिडीत आवाज नसतो, सूचना असतात. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, अमुक वेळी सोडली, एवढंच. पट्टीचे क्रमांक ० ते १२७, जोराचेही ० ते १२७ पर्यंत. या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात. आवाज नंतर प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य, काढतं. म्हणून नोट हलवली, लांबवली, वरच्या सुरात नेली तरी आवाजाची प्रत बिघडत नाही. ऑडिओ रेकॉर्डिंग ताणलं की जसं फाटतं, तसं इथे होत नाही.

सुरुवातीला गोंधळ घालणारी एक बाब म्हणजे सप्तकांचे आकडे. ६० क्रमांकाची नोट, म्हणजे पियानोवरचा मधला सी, एफएल स्टुडिओत सी५ म्हणून दिसते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच सी४ किंवा सी३ असते. मित्राने फोनवर 'सी४ वर टाक' सांगितलं आणि तुमची नोट एक सप्तक खाली वाजली, तर दोघंही बरोबर असता. अशा वेळी आकडा सोडा, कानाने जुळवा.

पियानो रोल उघडताना

चॅनेल रॅकमध्ये, म्हणजे वाद्यांच्या यादीत, हार्मोनियमचं चॅनेल निवडा आणि एफ७ दाबा. डावीकडे उभा पियानो, समोर चौकटींचं मैदान, आणि खाली एक पट्टा ज्यात प्रत्येक नोटखाली एक उभी काडी. मैदानात डावं-उजवं म्हणजे वेळ, वर-खाली म्हणजे सूर, आणि खालच्या काड्या म्हणजे व्हेलॉसिटी.

मिडी कीबोर्ड नसेल तरी अडत नाही. कंट्रोल-टी दाबलं की कॉम्प्युटरचाच कीबोर्ड पियानो होतो. त्यात जोर कमी-जास्त होत नाही, त्यामुळे सगळ्या काड्या एकाच उंचीच्या येतील. शिकायला तेवढं पुरतं. रेकॉर्ड करताना मेट्रोनोमसाठी कंट्रोल-एम, आणि सुरुवातीला मोजणी हवी असेल तर कंट्रोल-पी.

माउसची सवय आधी लावून घ्या. पी दाबलं की पेन्सिल हातात येते. रिकाम्या जागी डावं क्लिक केलं की नोट उमटते, उजवं क्लिक केलं की नोट पुसली जाते. उजवं बटण दाबून माउस फिरवला तर वाटेतल्या सगळ्या नोट्स जातात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या माणसाला उजव्या क्लिकवर मेनू उघडायची सवय असते, आणि इथे मेनूच्या जागी नोट गायब होते. घाबरू नका, कंट्रोल-झेड आहे. कंट्रोल-झेड दोनदा दाबल्यावर आणखी मागे न जाता पुसलेलंच परत परत येत-जात असेल, तर कंट्रोल-ऑल्ट-झेड वापरा, ते एकेक पायरी मागे नेतं.

पेन्सिलची आणखी एक सवय आहे. तुम्ही शेवटच्या ज्या नोटवर क्लिक केलं, तिची लांबी ती लक्षात ठेवते आणि नवी नोट तेवढीच काढते. लांब नोट्स हव्या असतील तर आधी एखाद्या लांब नोटवर क्लिक करून घ्या, मग पुढच्या सगळ्या तशाच येतील. हे कळेपर्यंत प्रत्येक नोट काढून ओढत बसण्यात बराच वेळ जातो.

निवड: पाच तऱ्हा, आणि एक सापळा

कंट्रोल धरून माउस ओढला की चौकोन तयार होतो, आणि चौकोनात येणाऱ्या नोट्स निवडल्या जातात. त्यांचा रंग बदलतो. पेन्सिल हातात असतानाही हे चालतं, त्यामुळे सिलेक्टचं वेगळं साधन घ्यायला सारखं ई दाबावं लागत नाही. नव्वद टक्के काम या एकाच हालचालीवर होतं.

निवडलेल्यांत आणखी भर घालायची असेल तर कंट्रोलबरोबर शिफ्टही धरा. समजा तुम्हाला प्रत्येक ओळीच्या शेवटच्या नोटा हव्यात, मधल्या नकोत. पहिली कंट्रोल धरून घ्या, बाकीच्या कंट्रोल-शिफ्ट धरून एकेक जोडत जा.

तिसरी तऱ्हा वेळेवरून निवडण्याची. मैदानाच्या वर बारचे आकडे असलेली पट्टी असते. तिथे कंट्रोल धरून ओढलं की तेवढ्या काळातल्या सगळ्या नोट्स, कुठल्याही सुराच्या असोत, एकदम निवडल्या जातात. पूर्ण ओळ उचलून पुढे लावायची असेल तेव्हा हीच तऱ्हा वापरा, चौकोन नको. कारण वेळेच्या निवडीत रिकामी जागाही मोजली जाते. बारच्या शेवटी गायकाला श्वासाला सोडलेली जागा चौकोनात येत नाही, वेळेच्या निवडीत येते. मग कंट्रोल-बी दाबा. तेवढाच तुकडा लगेच पुढे जसाच्या तसा उमटतो, तालात.

चौथी सुरावरून. एकाच सुराच्या सगळ्या नोट्स हव्या असतील तर आडवं झूम कमी करा, म्हणजे सगळी ओळ पडद्यावर मावेल, आणि त्या एका रांगेवरून लांब, चपटा चौकोन ओढा. तालवाद्यांच्या चॅनेलमध्ये प्रत्येक बोल वेगळ्या पट्टीवर असतो, म्हणून तिथे ही फार कामाची. ढोलकीचा एक बोल जास्त ठणकतोय असं वाटलं तर तेवढीच रांग उचला.

पाचवी रंगाची. एफएलमध्ये नोट्सना १६ रंग देता येतात, आणि पियानो रोलच्या मेनूतल्या सिलेक्टच्या उपमेनूतून एका रंगाच्या नोट्स निवडता येतात. गायकाबरोबर चालणाऱ्या मुख्य चालीला एक रंग आणि मधल्या भरण्याला दुसरा, एवढं केलं तरी पुढच्या आठवड्यात फाइल उघडल्यावर स्वतःचेच आभार मानाल. मात्र काही प्लगइनमध्ये रंग म्हणजे मिडीचं चॅनेलही असतं, आणि पुढे मींडीच्या (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) वेळी या रंगाचा आणखी एक संबंध येईल. तेव्हा हौस म्हणून रंग वाटू नका.

आता सापळा. पियानो रोलमध्ये काहीच निवडलेलं नसेल तर एफएल समजतो, सगळंच निवडलंय. सूर वर सरकवायची कळ असो की टूल्स मेनूतलं कुठलंही साधन, निवड नसेल तर ते पॅटर्नमधल्या एकूणएक नोट्सना लागू होतं. याची उलट बाजूही तितकीच फसवी. झूम करून तुम्ही बारा नंबरच्या बारमध्ये आलात, पण मघाशी निवडलेली नोट तिसऱ्या बारमध्ये तशीच निवडलेली आहे. तुम्ही बदल करता, समोर काहीच हलत नाही, आणि पडद्याबाहेर तिसऱ्या बारमधली नोट हललेली असते. म्हणून प्रत्येक नव्या कामाआधी कंट्रोल-डी दाबून निवड साफ करा, आणि बोटाला ते वळण लावून घ्या.

हलवणं, लांबवणं, तोडणं

निवडलेल्यांपैकी कुठल्याही एका नोटला धरून ओढलं की सगळा गट सरकतो. माउसने आडवं ओढताना हात किंचित वर गेला की सूर बदलतो, हा नेहमीचा त्रास. त्यापेक्षा शिफ्ट धरून डावा-उजवा बाण वापरा. शिफ्ट-वर आणि शिफ्ट-खाली म्हणजे अर्धा सूर, कंट्रोल-वर आणि कंट्रोल-खाली म्हणजे अख्खं सप्तक. शिफ्ट धरून नोट माउसने ओढली तर मात्र तिची नक्कल होते, मूळ जागच्या जागी राहते. बाण आणि माउस यांच्यातला हा फरक सुरुवातीला हमखास चुकतो.

नोटची उजवी कड धरून ओढली की लांबी बदलते. गट निवडलेला असेल तर सगळ्यांची बदलते. ओढताना नोट चौकटीच्या रेषेलाच चिकटत असेल तर ऑल्ट धरा. रेषेला चिकटवणारा स्नॅप तेवढ्यापुरता बाजूला होतो आणि नोट मधे कुठेही ठेवता येते.

हार्मोनियमच्या ओळीत लांबीला फार महत्त्व आहे. खऱ्या पेटीवर वाजवणारा एक पट्टी सोडता सोडता दुसरी दाबतो, सूर जोडलेले असतात. नवख्याने मिडी कीबोर्डवर वाजवलं की दोन नोट्समध्ये फटी पडतात आणि ती ओळ खेळण्यातल्या वाद्यासारखी वाटते. यावर कंट्रोल-एल हा सोपा उपाय. निवडलेली प्रत्येक नोट पुढची नोट सुरू होईपर्यंत लांबते. पण निवड न करता हे दाबलंत तर ओळींमधल्या विश्रांतीच्या जागाही भरून निघतात आणि गाण्याचा श्वास कोंडतो. एका वेळी एकच ओळ निवडा, आणि त्या ओळीतली शेवटची नोट निवडीबाहेर ठेवा. तिची लांबी हाताने ठरवा.

लांब नोट तोडायची असेल तर सी दाबून कापण्याचं साधन घ्या आणि हव्या त्या जागी उभी रेघ ओढा. दोन तुकडे जोडायचे तर दोन्ही निवडून कंट्रोल-जी.

चुकीची नोट की कणस्वर?

समजा भूप रागातली ओळ आहे आणि सी हा सा धरलाय. म्हणजे स्वर सी, डी, ई, जी, ए. एफ आणि बी या रांगांत काही दिसलं तर तिथे शंका घ्यायची. व्ह्यू मेनूत स्केल हायलाइट करण्याची सोय आहे, तिने बाहेरचे सूर डोळ्यांना लगेच दिसतात.

पण दिसलं की पुसलं, असं करू नका. बोट घसरून शेजारची पट्टी लागली तरी छोटी नोट उमटते, आणि मुद्दाम लावलेला कण, म्हणजे मुख्य सुराआधी शेजारच्या सुराचा हलका स्पर्श, हीही छोटीच नोट असते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. रागातला असूनही बोटाने चुकून लागलेला सूर असू शकतो, आणि सुगम संगीतात रागाबाहेरचा एखादा सूर चालीची गंमत वाढवत असतो. म्हणून आधी टी दाबून म्यूटचं साधन घ्या, त्या नोटवर क्लिक करा आणि ओळ पुन्हा ऐका. नोट जागेवर असते, फक्त गप्प असते. ओळ बरी वाटली तर पुसा, नाहीतर तिला पुन्हा बोलकी करा. डोळ्यांनी संपादन करण्याची सवय मिडीमुळे लागते, आणि ती वाईट आहे.

एक दोष मात्र कानाला नीट कळतो आणि डोळ्यांना दिसत नाही: एकावर एक बसलेल्या दोन नोट्स. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना किंवा चिकटवताना हे घडतं. समोर एकच नोट दिसते, पण आवाज जास्त मोठा किंवा विचित्र पोकळ येतो. कधी नोट मधेच तुटते, कारण एकाच पट्टीच्या दोन नोट्स वाजत असताना पहिलीचा 'सोडली' हा संदेश दुसरीलाही गप्प करू शकतो. सिलेक्ट उपमेनूत ओव्हरलॅपिंग नोट्स निवडण्याची आज्ञा आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर एकदा ती चालवून पाहा. काही निवडलं गेलं तर झूम करून तपासा.

क्वांटाइझ: दादऱ्याची वाट कशी लागते

या भागावर थोडा वेळ काढा, कारण घरच्या स्टुडिओत बनलेल्या मराठी ट्रॅकमधलं ताठरपण बहुतेक वेळा इथूनच येतं.

क्वांटाइझ म्हणजे नोट्स जवळच्या रेषेवर नेऊन बसवणं. जवळची रेषा कोणती, हे स्नॅपच्या मेनूवर ठरतं. एफएलमध्ये बीटचे चार भाग म्हणजे चार स्टेप, आणि बरेच जण स्नॅप स्टेपवरच ठेवतात. चार-चारच्या चालीला ते ठीक आहे. आता दादरा घ्या. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. टेम्पो ८० ठेवला आणि एका बीटमध्ये तीन मात्रा बसवल्या, तर चार बीटच्या एका बारमध्ये १२ मात्रा, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं येतात.

एफएल एका बीटचे मुळात ९६ बारीक भाग करतो, त्यांना टिक म्हणतात. तुम्ही अगदी नेमकं वाजवलं असेल तर बीटमधल्या तीन मात्रा ०, ३२ आणि ६४ या टिकांवर पडतील. स्टेपच्या रेषा मात्र ०, २४, ४८ आणि ७२ वर आहेत. क्वांटाइझ केलं की ३२ ची नोट २४ वर येते, ६४ ची ७२ वर जाते. तीन सारख्या मात्रांच्या जागी अंतरं झाली २४, ४८ आणि २४. म्हणजे दुसरी मात्रा लवकर, तिसरी उशिरा, आणि दोन्हीकडे फरक ८ टिकांचा. ८० च्या टेम्पोला एक बीट ७५० मिलिसेकंदांचं, त्यामुळे ८ टिक म्हणजे जवळजवळ ६० मिलिसेकंद. कुठल्याही कानाला हे खटकेल. बिचारा वाजवणारा समजतो की आपलाच ताल कच्चा आहे.

उपाय सोपा. चुंबकाचं चित्र असलेल्या स्नॅपच्या मेनूत १/३ बीट निवडा. आता रेषा ०, ३२, ६४ वर आल्या. द्रुत लयीत मात्रेचे दोन भाग वाजले असतील तर १/६ बीट घ्या. आणि स्नॅप मेनूत 'लाइन' नावाचा जो पर्याय असतो, तो झूमप्रमाणे रेषा बदलतो. चित्र काढताना सोयीचा, क्वांटाइझच्या वेळी धोक्याचा.

पुढचा प्रश्न, किती नोट्स बसवायच्या? माझं मत, ज्या खटकतात तेवढ्याच. ओळ डोळे मिटून ऐका, जिथे कान अडखळला तिथे थांबा, त्या दोन-तीन नोट्स निवडा आणि शिफ्ट-क्यू दाबा. याने फक्त नोटची सुरुवात रेषेवर येते. कंट्रोल-क्यू लांबीलाही हात घालतं, आणि पेटीच्या जोडलेल्या सुरांची मघाशी केलेली मेहनत त्यात वाया जाते.

सगळी ओळच ढिली असेल तर ऑल्ट-क्यू दाबा. क्वांटायझरची खिडकी उघडते. तिथल्या स्टार्ट टाइमच्या बटणाने किती जोराने ओढायचं ते ठरतं. पूर्ण ठेवलं तर नोट रेषेवर जाते, निम्मं ठेवलं तर रेषेच्या दिशेने निम्म्या वाटेपर्यंतच जाते. चूक अर्धी होते, पण वाजवणाऱ्याची ढब टिकते. निम्म्यापासून सुरुवात करा आणि कानाने वाढवा. ढोलकी आणि तबल्याच्या नोट्स थोड्या जास्त घट्ट, चालीच्या नोट्स सैल, असं ठेवलं की एकत्र ऐकताना बरं वाटतं. सगळंच काटेकोर केलं तर ऐकणाऱ्याला कशावर डोलावं ते कळत नाही.

कधी कधी दोष तालाचा नसतोच. सगळ्याच नोट्स सारख्या प्रमाणात उशिरा पडलेल्या दिसतात, कारण कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर यायला वेळ लागला आणि तुम्ही ऐकलेल्या आवाजाप्रमाणे वाजवत गेलात. इथे क्वांटाइझ नको. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, ऑल्ट धरा आणि अख्खा गट थोडा डावीकडे ओढा. पुढच्या रेकॉर्डिंगआधी ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ ड्रायव्हर निवडून बफर कमी करा, म्हणजे आवाज कमी उशिराने बाहेर येईल.

८० च्या टेम्पोला एक टिक साधारण ८ मिलिसेकंदांचा, म्हणजे त्याहून बारीक सरकवणं शक्य नाही. ते कमी वाटत असेल तर एफ११ दाबून प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये हा ९६ चा आकडा १९२ किंवा ३८४ करता येतो. करायचं तर नवं प्रोजेक्ट सुरू करतानाच करा, अर्ध्यावर आल्यावर नको.

जोर: पेटीला एक न्याय, ढोलकीला दुसरा

खालच्या पट्ट्यातली काडी ओढली की व्हेलॉसिटी बदलते. उजवं बटण दाबून पट्ट्यावर तिरकी रेघ ओढली तर काड्या त्या रेघेप्रमाणे चढत किंवा उतरत जातात. तिहाईचा चढ असा एका हालचालीत तयार होतो. एकाच क्षणी दोन-तीन नोट्स वाजत असतील तर त्यांच्या काड्या एकमेकींवर येतात आणि एक ओढली की सगळ्या ओढल्या जातात. तिथे आधी वर मैदानात हवी ती नोट निवडा, मग खालची काडी हलवा. निवड असेल तेव्हा फक्त निवडलेल्यांचीच काडी हलते.

खऱ्या पेटीवर पट्टी जोराने दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तो भात्याने वाढतो. त्यामुळे हार्मोनियमच्या चॅनेलवर काड्या साधारण सारख्या ठेवा आणि आवाजाचा चढउतार चॅनेलच्या व्हॉल्यूमच्या ऑटोमेशनने, म्हणजे वेळेप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या व्हॉल्यूमने, करा. रेकॉर्ड करताना बोटाने कमी-जास्त जोर दिला असेल आणि प्लगइन त्याला दाद देत असेल, तर ओळीत मधेच एखादा सूर उसळतो, जो पेटीवर कधीच तसा येणार नाही.

ढोलकी-तबल्याचं उलट. तिथे जोरावरच सगळं आहे. चांगल्या प्लगइनमध्ये व्हेलॉसिटी बदलली की नुसता आवाज नाही, थापेचं रेकॉर्डिंगच वेगळं वाजतं. समेवरचा बोल निवडून थोडा वर, मधले भरणाचे बोल खाली. सगळे बोल एका उंचीचे असतील तर ऑल्ट-आर दाबून रँडमायझर उघडता येतो आणि थोडा फरक पसरवता येतो. मात्र त्यात वर पॅटर्नचा भाग असतो, तो बंद ठेवा. तो चालू राहिला तर जोराबरोबर नव्या नोट्सही तयार होतात.

'ताई काळी दोनमध्ये गातात'

ट्रॅक पांढरी एकमध्ये बनवून ठेवला आणि गायिकेचा फोन आला की सूर काळी दोन लागेल. पांढरी एक म्हणजे सी, काळी दोन म्हणजे डी शार्प, म्हणजे तीन अर्धे सूर वर. पेटीचं चॅनेल उघडा, कंट्रोल-ए, मग तीन वेळा शिफ्ट-वर. काळी चार सांगितलं असतं तर आठ अर्धे सूर वर किंवा चार खाली. अशा वेळी खालीच जा, कारण पेटीच्या नमुन्याची मर्यादा साडेतीन सप्तकांच्या आसपास संपते आणि वरचे सूर एक तर चिरके होतात किंवा वाजतच नाहीत.

हे करताना तालवाद्यांच्या चॅनेलला हात लावू नका. तिथे पट्टी म्हणजे सूर नव्हे, बोल असतो. जनरल मिडीच्या ठरलेल्या मांडणीत ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट. तीन घरं वर सरकवलंत की किकच्या जागी भलतंच काही वाजेल. तबल्याची चाट गायिकेच्या सा ला जुळवायची असेल तर ती प्लगइनमधल्या पिचच्या बटणाने जुळवा.

एकाहून जास्त वाद्यं चालीत असतील तर प्रत्येक चॅनेल उघडून हेच करावं लागतं. अशा वेळी ऑल्ट-व्ही दाबून घोस्ट नोट्स चालू ठेवा. त्याच पॅटर्नमधल्या दुसऱ्या चॅनेलच्या नोट्स मागे फिक्या दिसतात, त्यामुळे बासरीची ओळ सरकवली आणि पेटीची राहिली, हे लगेच नजरेला येतं.

मींड हवी असेल तर

पेटीवर मींड निघत नाही, तेव्हा तिच्या ट्रॅकमध्ये ती घालायचा हट्ट नको. सिंथवर बासरीसारखा किंवा सारंगीसारखा सूर लावला असेल तर एफएलची स्लाइड नोट वापरून पाहा. पियानो रोलच्या वरच्या पट्टीत त्रिकोणाचं चिन्ह आहे, ते चालू करून नोट काढली की तिच्या अंगावरही छोटा त्रिकोण दिसतो. ही नोट स्वतः वाजत नाही, आधीपासून वाजत असलेल्या नोटला आपल्या सुरापर्यंत ओढून नेते, आणि स्लाइड नोटची लांबी जितकी, तितका वेळ ती ओढ चालते.

सा पासून ग पर्यंत मींड घ्यायची असेल तर सा ची लांब नोट काढा. तिच्या मध्यावर ग च्या रांगेत एक स्लाइड नोट ठेवा. ती आखूड ठेवली तर झटका, लांब ठेवली तर सावकाश मींड. परत सा वर यायचं तर पुढे सा च्या रांगेत दुसरी स्लाइड नोट. हे सगळं मूळ नोट वाजत असतानाच घडलं पाहिजे. ती आधी संपली तर ओढायला काही उरतच नाही.

दोन अटी लक्षात घ्या. स्लाइड नोट फक्त आपल्याच रंगाच्या नोट्सना ओढते. मघाशी रंगांची हौस नको म्हणालो ते यासाठी. मूळ नोट हिरवी आणि स्लाइड निळी असेल तर काहीच होणार नाही, दोन्ही निवडून एडिट मेनूतून एकच रंग द्या. उलट, एकाच वेळी वाजणाऱ्या दोन नोट्सपैकी एकच ओढायची असेल तर तिचा रंग मुद्दाम वेगळा ठेवता येतो. दुसरी अट अशी की स्लाइड नोट्स एफएलच्या स्वतःच्या वाद्यांवर चालतात. बाहेरून घेतलेल्या व्हीएसटी प्लगइनवर त्या चालत नाहीत, तिथे पिच बेंड वापरावा लागतो.

मोठा बदल करायच्या आधी, म्हणजे सूर बदलण्याआधी किंवा सगळी ओळ क्वांटाइझ करण्याआधी, कंट्रोल-एन दाबा. एफएल फाइलच्या नावापुढे पुढचा आकडा लावून नवी प्रत सेव्ह करतो आणि जुनी तशीच राहते. गायिकेचा दुसरा फोन येऊन 'नको, काळी एकच बरं होतं' असं ठरलं, तर ती जुनी प्रत उघडून सी पासून एकच अर्धा सूर वर जायचंय.